प्रश्नचिन्हांचं ताट

जगात कुठलीही गोष्ट आपोआप कळते, यावर आमच्या साडूंचा काडीचाही विश्वास नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, "जरा मीठ घाला" म्हटलं, तर भाजीत की आमटीत हे विचारल्याशिवाय त्यांचा हात बरणीकडे जात नाही. कामशेतला माझं तांदळाचं दुकान आहे. एकदा मी त्यांना नुसतं "संध्याकाळी या" म्हणून बसलो. त्यावर घरी की दुकानात, चहाला की जेवायला, एकट्याने की जोडीने, असं सगळं विचारून झालं, आणि ते प्रत्यक्ष आले तेव्हा त्यांना बोलावलं कशाला होतं हेच मी विसरून गेलो होतो.

हे वेड त्यांना नोकरीपायी लागलं की वेडापायी ती नोकरी मिळाली, कोण जाणे. लोक वेबसाइटवर जे लिहितात ते पलीकडच्या सर्व्हरवर धडधाकट पोहोचतंय की नाही, हे बघणं त्यांचं काम. लोणावळ्याच्या घरात खिडकीपाशी बसून ते हे करतात. मला त्यांनी समजावलं ते असं, की कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचे तक्ते असतात, आणि तेही एक नाही, ढीगभर. लिहिणाऱ्याने एका तक्त्याने लिहिलं आणि वाचणाऱ्याने दुसऱ्याने वाचलं, की मराठीची खिचडी झालीच. "सगळा घोळ न सांगण्याचा आहे," ते म्हणतात. "ब्राउझर गृहीत धरतो, सर्व्हर गृहीत धरतो, आतलं माहितीचं कोठार गृहीत धरतं. मी अमुक तक्ता वापरतोय, हे तोंड उघडून कुणी सांगत नाही." हे ते इतक्या दुःखाने सांगतात, की आपलंच काही सांगायचं राहिलं की काय असं वाटायला लागतं.

लिहायची चौकट दिसली की साडू तिच्यात "भाकऱ्या" असं लिहून बघतात. त्या शब्दातला अर्धा र भल्याभल्या सर्व्हरना पेलत नाही म्हणे. विमान कंपनीच्या तक्रारीत भाकऱ्या, वीजबिलाच्या शंकेत भाकऱ्या. एकदा एका दवाखान्यातून मुलीचा फोन आला, की तुम्ही त्रास म्हणून भाकऱ्या लिहिलंय, तर पोटाच्या डॉक्टरांची वेळ देऊ का? साडूंनी तिला फक्त शब्द नीट दिसतोय का ते विचारलं, तिचे मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला. दाढ दुखत होती ती तशीच राहिली. आमच्या मेहुण्याच्या लग्नात मोठ्या पडद्यावर नवरीच्या नावाजागी चौकोन उमटले, तेव्हा मंगलाष्टकं ऐन रंगात असताना हे स्टेजखाली लॅपटॉप घेऊन शिरले. अक्षता पडल्या, हार झाले, फोटो झाले, त्यातल्या एकातही हे नाहीत. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा नवरीचं नाव स्वच्छ दिसू लागलं, आणि बिचारीने वर मान करून ते दोनदा वाचलं. माणसाचं नाव त्याला धड दिसावं म्हणून पंगत सोडणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आमच्या सासूबाईंची लोहगडवाडीत टपरी आहे, पिठलं-भाकरीची. पण ती अगदी टोकाला. गड उतरून येणारी मंडळी अलीकडच्या टपऱ्यांतच बसतात. म्हणून साडूंनी वेबसाइट करून दिली. शुक्रवारी कळवायचं, शनिवारी जेवायचं. सगळं मराठीत, अगदी फोन नंबरसुद्धा मराठी आकड्यांत लिहिला तरी चालेल अशी सोय. मी म्हटलं, मराठी आकड्यांत नंबर लिहितंय कोण? म्हणाले, लिहिला कुणी, तर आपण अडवायला नको. सासूबाईंची अट एकच होती. "माझ्या दारातनं आजवर कुनी उपाशी गेलं न्हाई. तुमच्या मशिनीपायी गेलं, तर मशिन चुलीत घालीन, जावईबापू."

मागच्या पावसाळ्यात ती वेळ आली. जुना सर्व्हर बंद होणार होता, म्हणून साडूंनी शुक्रवारी दुपारी सगळा संसार नव्या सर्व्हरवर हलवला. मी संध्याकाळी तांदळाचं पोतं घेऊन टपरीवर पोहोचलो, तर सासूबाई मोबाइल हातात धरून बसलेल्या. नावांच्या जागी डोक्यावर काडी आलेले रोमन ए, मध्येच पाय फुटलेली वर्तुळं आणि जागोजागी पाऊणचा आकडा. "ह्यो पाऊण काय मागतोय?" त्यांनी विचारलं. कोण येणार, किती येणार, कुणाला पिठलं, कुणाला कोंबडी, काही कळेना. तेवढ्यात लोणावळ्याहून साडू येऊन पोहोचले. ते मात्र हे बघून खुलले. "कचरा आहे ना, मग चिंता नाही. कचऱ्यात अक्षर जिवंत असतं, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचलेलं असतं. प्रश्नचिन्हं दिसली असती, तर मात्र संपलं." चहा निवायच्या आत त्यांनी तक्ता बदलला, आणि त्या गिचमिडीतून एकेक माणूस आपल्या नावासकट बाहेर आला. सासूबाईंनी कौतुकाने त्यांच्या पुढ्यात गूळ-शेंगदाणे ठेवले.

आणि तेवढ्यात शेवटची नोंद दिसली. सर्व्हर हलवल्यानंतर आलेली. नव्या कोठाराचा एक खण रोमन लिपीवरच अडून बसला होता. त्याने प्रत्येक मराठी अक्षराजागी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं आणि मूळ अक्षर टाकून दिलं होतं. नाव प्रश्नचिन्हं, जेवण प्रश्नचिन्हं, फोन नंबर प्रश्नचिन्हं. इंग्रजी आकडे असते तर तेवढे वाचले असते. त्या माणसाने तेही मराठीत लिहिले होते.

साडूंचा चेहरा उतरला तो उतरलाच. "एवढ्या लोकांत एकाने ती सोय वापरली," ते म्हणाले, "आणि नेमकं त्याचंच मी पुसलं. त्या खणाला सांगायचं राहिलं माझ्याकडून." मी म्हटलं, जाऊ द्या, एखादा माणूस. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोतं उचलून आत नेलं. मग त्या साडूंना म्हणाल्या, "नाव न्हाई कळलं म्हून भूक ऱ्हाती का? एक ताट जास्तीचं ठेवू. ज्याचं हाय त्यो यील."

शनिवारी सगळे आले, जेवले, गेले. ते ताट परातीखाली तसंच राहिलं. येणाऱ्या प्रत्येकाला साडू विचारत होते, नंबर मराठी आकड्यांत लिहिला होता का, आणि लोक चिंब कपड्यांत उभे राहून नाही म्हणत होते. पुढच्या शनिवारीही सासूबाईंनी एक ताट झाकून ठेवलं, त्याच्या पुढच्याही. एरवी ते कुणा वाट चुकलेल्या पोराच्या पोटात जातं. सर्व्हरवरची ती नोंद साडूंनी पुसलेली नाही.

परवाच्या शनिवारी मी न कळवता तिकडे गेलो. भांडी घासून झाली होती. आता माझी उलटतपासणी होणार म्हणून मी उत्तरं जुळवत होतो, पण साडूंनी काही न विचारता ते ताट माझ्यापुढे सरकवलं. मला हा माणूस फार आवडतो, हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगून टाकलं. "पोहोचलं," एवढंच ते म्हणाले. मग मी जेवत होतो आणि ते दारात उभे राहून गडाच्या वाटेकडे बघत होते.