दळवी सरांचा राग

श्री. रघुनाथराव दळवी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मुख्याध्यापकांवर रागावताना.

मी तेव्हा कासारवाडीच्या शाळेत आठवीत होते. सर हवाई दलात विमानदुरुस्तीचं काम करून निवृत्त झाले होते आणि बासष्टच्या युद्धानंतर पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर म्हणून लागले होते. शाळेने त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. आम्हाला वाटलं होतं, शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील. सरांनी मात्र एक विमान उडवायला जमिनीवर किती तऱ्हेची माणसं लागतात ते सांगितलं. इंजिन उघडणारे, पत्रा ठोकणारे, रेडिओवाले, हवामान पाहणारे, नकाशे आणि आराखडे काढणारे. मग त्यांनी विचारलं, "यातलं काही शिकावंसं कुणाला वाटतं? हात वर करा."

बरेच हात वर गेले. त्यात माझाही होता. मागची मुलं हसली. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलींनी हात खाली घ्या. प्रश्न मुलांसाठी आहे."

सर वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा लालबुंद झाला होता. "हात वर करायला मी सांगितलं. खाली घ्यायचे असतील तर तेही मीच सांगेन." आणि मला विचारलं, "नाव काय तुझं?"

"लता साळवे."

"काय करायचंय तुला विमानाचं?"

"आत काय असतं ते बघायचंय," मी म्हणाले.

"रविवारी सकाळी ये," सर म्हणाले.

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागताना गौरव समितीच्या एका सदस्यांनी सुचवलं होतं की, सरांच्या शांत आणि सोज्वळ स्वभावावर लिहावं. या गृहस्थांची आणि सरांची भेट कधी झाली होती, मला ठाऊक नाही. सर मायाळू आहेत, निर्मळ आहेत. शांत मात्र ते कधीच नव्हते, आणि ते शांत असते तर माझ्यासारख्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून मी त्यांच्या रागावर लिहिणार आहे.

शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत रविवारचा विमानवर्ग सुरू झाला. आम्ही बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन लहान ग्लायडर बनवायचो. पण सरांचा हेतू खेळणी बनवण्याचा नव्हता. आमच्यापैकी बहुतेकांचे वडील कारखान्यात शिफ्टवर जाणारे, नाहीतर जुन्या गावांतले शेतकरी. लोहगावहून उठलेली विमानं आमच्या डोक्यावरून जायची, पण त्या कामाला माणसं कुठून घेतात, त्यासाठी काय शिकावं लागतं, अर्ज कुठे करायचा, हे आमच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. सर ते सांगायचे. हवाई दलातले त्यांचे जुने सहकारी पुण्याला आले की सर त्यांना जेवायला बोलवायचे आणि जेवण्याआधी आमच्यापुढे बसवायचे. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही बोलायचंच, असा सरांचा हट्ट असे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाहुण्यांसाठी वर्गात करून आणलेली भजी आधी आमच्या हातावर ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "चुकलात तरी बोला. गप्प बसलात तर ते मला घरी गेल्यावर ऐकवतील."

कामात ढिलाई झाली की सरांना खपत नसे. पिंपळ्याचा दत्तू काटे आमच्या वर्गात होता. त्याच्या ग्लायडरच्या पंखाची मुख्य पट्टी चिरली होती आणि त्याने ती चीर कागदाखाली झाकली होती. सरांनी पंखावरून बोट फिरवलं, आणि सगळ्यांदेखत तो पंख गुडघ्यावर मोडला. "यात माणूस बसला असता तर?" एवढंच बोलले. दत्तूच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला सरांचा तेव्हा राग आला होता. पण त्यानंतर सर घरी गेले नाहीत. दुपार टळेपर्यंत दत्तूशेजारी जमिनीवर बसून त्यांनी त्याच्याकडून नवी पट्टी तासून घेतली.

सर नेहमीच बरोबर असत असंही नाही. हे गौरवग्रंथात लिहायचं नसतं, पण मी लिहिते. एकदा दत्तू फार उशिरा आला. सरांनी कारण न विचारता त्याला दाराबाहेर घालवलं. नंतर कळलं की त्याची आई दवाखान्यात होती आणि तो रात्रभर तिथेच होता. संध्याकाळी सर सायकलवर पिंपळ्याला गेले. दत्तूचे वडील गोठ्यात होते. साहेब दारात आलेले पाहून ते गडबडले. सर म्हणाले, "मी तुमच्या मुलावर विनाकारण रागावलो. त्याची माफी मागायला आलोय."

दत्तूचे वडील हात पुसत पुढे आले. "आवो साहेब, पोरगंच हाय. मास्तरानं बोलायचंच असतंय. माफी कशापायी?"

"पोरगं आहे म्हणूनच," सर म्हणाले.

हे वडील आधी दत्तूला वर्गाला पाठवायला तयार नव्हते. "आमी जमिनीवरली माणसं, इमानाशी आमचं काय काम न्हाई," असं म्हणायचे. त्या संध्याकाळनंतर त्यांनी दत्तूला कधी अडवलं नाही. दत्तू आज हवाई दलात इंजिनांवर काम करतो.

आता ज्या घटनेबद्दल लिहू नये असं मला सुचवण्यात आलं, तिच्याकडे येते.

आमच्या वर्गात मिलिंद शिरसाट नावाचा मुलगा होता. आमच्याच वस्तीतला, बौद्ध कुटुंबातला. त्याच्या हाताला जी सफाई होती ती आमच्यापैकी कुणाच्याच हाताला नव्हती. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून एक मोठं ग्लायडर बनवलं, त्याचे पंख मिलिंदने केले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर ते उडवायचं ठरलं. दोर धरून मिलिंदने धावायचं आणि मी ग्लायडर सोडायचं, असं सरांनी नेमून दिलं होतं. आम्ही मैदानावर सराव केला. माझ्या आईने माझा गणवेश खळ घालून कडक केला होता.

संमेलनाच्या सकाळी आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक चालक मैदानावर आले. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या आणि त्याचा एक मित्र होता. दोघांनीही विमानवर्गात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चालक सरांना म्हणाले, "दळवी, पाहुणे मोठे आहेत. फोटो निघतील. पुढे जरा बऱ्या घरची मुलं असू देत. ही दोघं मागे उभी राहतील."

आम्ही दोघं तिथेच होतो. आम्ही ऐकतोय याची त्यांना फिकीर नव्हती.

"बरी घरं म्हणजे कुठली?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय."

"मला कळतंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

चालक नुसते हसले. ते हसू मी आजही विसरलेले नाही, आणि विसरण्याचा प्रयत्नही केलेला नाही. कुणी उघड शिवी दिली तर उलटून बोलता येतं. मोठी माणसं आपलं नाव न घेता हसतात, तेव्हा काय बोलायचं ते शाळेतल्या मुलांना कुणी शिकवलेलं नसतं.

संध्याकाळी प्रात्यक्षिकाची वेळ झाली, तेव्हा सर व्यासपीठावर गेले. ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून म्हणाले, "ग्लायडर तयार आहे. ते ज्या मुलांनी बनवलं त्यांना ते उडवू दिलं जाणार नाही, असं आज सकाळी मला सांगण्यात आलं. कारण त्यांची घरं बरी नाहीत. म्हणून आज ग्लायडर उडणार नाही." आणि खाली उतरून, सगळ्या पाहुण्यांसमोरून ते ग्लायडर आमच्याबरोबर उचलून फाटकाबाहेर घेऊन गेले.

पुढच्या रविवारी सुतारकामाच्या खोलीला कुलूप होतं. दुरुस्ती चालू आहे, असं सांगण्यात आलं. ती दुरुस्ती इतक्या वर्षांत पूर्ण झालेली नाही.

वर्ग सरांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात भरू लागला. मग कारखान्यात कुणीतरी कळवलं की, दळवी घरी कामगारांच्या मुलांना जमवून भडकावतात. सरांना वरच्यांनी बोलावून विचारलं. सर म्हणाले, "येत्या रविवारी तुम्हीच या आणि बघा." कुणी आलं नाही. मात्र त्यांची बढती थांबली ती थांबलीच. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांच्या वर गेली. याबद्दल सरांनी आमच्याजवळ अवाक्षर काढलं नाही. आम्हाला ते काकूंकडून कळलं.

मिलिंद त्या संमेलनानंतर वर्गाला आला नाही. सर त्याच्या घरी वारंवार गेले. तो खाली मान घालून सांगायचा, "सर, तुमचा काही दोष नाही. पण मला आता ते करावंसं वाटत नाही." आज तो भोसरीत एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करतो. चांगला कामगार आहे, घरदार आहे. त्याच्याबद्दल कुणी हळहळावं अशी त्याची अपेक्षा नाही. पण विमानाचे पंख बांधायला जे हात हवे होते ते एका माणसाच्या हसण्याने कायमचे दूर गेले, हे मी लिहून ठेवणार आहे, मग ते कुणाला खटको.

माझं स्वतःचं सांगते. अकरावीनंतर सरांच्या आग्रहाने मी आयटीआय केलं आणि परगावच्या एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात अर्ज केला. मुलाखतीला माझे वडील येऊ शकले नाहीत, त्यांची पहिली शिफ्ट होती. सर रजा काढून आले. तांत्रिक प्रश्नांची मी नीट उत्तरं दिली. शेवटी एक साहेब म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. त्यामुळे घेता येणार नाही."

मी बाहेर येऊन सरांना सांगितलं. सर सरळ आत गेले. दार उघडंच राहिलं होतं.

"तुम्ही विमानं दुरुस्त करता," सर म्हणत होते, "आणि तुम्हाला चार भिंती बांधता येत नाहीत?"

"तुम्ही मुलीचे कोण?" साहेबांनी विचारलं.

"शिक्षक."

"मग तिला शिक्षिका करा. बायकांना बरं पडतं."

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. मी रडत होते. सर खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "रडून घे. पण घरी गेल्यावर दुसरा अर्ज लिहायचा. त्यांना तुला पुन्हा तोंडावर नाही म्हणावं लागलं पाहिजे."

त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि अर्ज करत राहिले. दरवेळी मी कंटाळले की सर चिडायचे. "दमलीस? मग त्यांचं काम सोपं झालं," म्हणायचे. वडील एकदा त्यांना म्हणाले, "सर, पोरीचं लगीन करायचंय. किती दिवस ह्येच चालायचं?" सर म्हणाले, "लग्न करा की. जावयाला सांगा, बायको विमानावर काम करणार आहे." वडील हसले आणि त्यांनी खरोखर तसंच सांगितलं. पहिलं स्थळ मोडलं. दुसऱ्याने होकार दिला.

अखेर मला दुसरीकडे घेतलं. विमानाची उंची दाखवणारी यंत्रं जिथे दुरुस्त होतात, त्या विभागात मी आज काम करते. लोक म्हणतात, शेवट गोड झाला. मला तो तितका गोड वाटत नाही. जे पहिल्याच मुलाखतीत मिळायला हवं होतं, त्यासाठी माझी उमेदीची वर्षं गेली, आणि माझ्यामागे सर नसते तर तीही व्यर्थ गेली असती.

आता या ग्रंथाविषयी. स्नेहसंमेलनाच्या सकाळी मैदानावर हसलेले संस्थाचालक आज गौरव समितीत आहेत. शाल आणि श्रीफळ त्यांच्याच हस्ते दिलं जाणार, असं मला कळलं. मी तडक सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, हे तुम्ही कसं चालवून घेता?"

सर व्हरांड्यात दोन मुलींना कामट्या तासायला शिकवत होते. एक सांगवीची, एक आमच्या कासारवाडीची. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "मी कुठे चालवून घेतलंय? शाल नको म्हणून कळवलंय मी त्यांना. त्याऐवजी रविवारी वर्गासाठी शाळेची खोली उघडा म्हटलंय. व्हरांड्यात पोरी उन्हात बसतात."

"काय म्हणाले ते?"

"विचार करतो म्हणाले. तू लिही. सगळं लिही. एकही परिच्छेद गाळला तर ग्रंथावर माझं नाव घालू नका, असं मी त्यांना सांगतो."

त्यांनी तसं सांगितलं. म्हणून हा लेख जसाच्या तसा तुमच्यापुढे आहे.

वाचकांमध्ये सरांचे अनेक विद्यार्थी असतील. समारंभाला याल तेव्हा हार आणू नका. सभा संपल्यावर घरी जाऊ नका. आपण सगळे मिळून संस्थाचालकांना भेटू आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसू. गुरूचा गौरव याहून वेगळा कसा करतात, ते मला माहीत नाही.

सर, डॉक्टरांनी तुम्हाला रक्तदाबासाठी राग कमी करायला सांगितलं आहे, असं काकू म्हणाल्या. औषधं वेळेवर घ्या, मीठ कमी खा, सायकल जरा हळू चालवा. तुमचे डोळे आणि गुडघे ठणठणीत राहोत, काकूंचा हात सदैव तुमच्या हातात राहो, आणि शंभरी पार करेपर्यंत तुमच्या व्हरांड्यात मुलं-मुली येत राहोत. राग मात्र आमच्यात वाटून द्या. तुमच्या एकट्यावर तो आम्ही फार वर्षं टाकला.