आबांचं बोलणं कापलं तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंदापूर सोडलं, तेव्हा आबा, माझे वडील, तहसील कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून स्टँडवर आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पुण्याची एसटी लागली तसे म्हणाले, "दिल्लीत कुणी इचारलं बाप काय करतो, तर हेडक्लार्क हाय म्हणून सांग. लाजू नगं." आई शाळेवर शिकवायला गेली होती, दशम्या तिनं सकाळीच बांधून दिल्या होत्या.

दिल्लीत कुणी विचारलंच नाही. माहितीपटांच्या ऑफिसात मी आधी गाड्या ठरवायची, परवानग्या आणायची, युनिटच्या जेवणाचं बघायची. पाच-सहा वर्षांत निर्माती झाले. म्हणजे नेमकं काय, हे तुम्हा आळीतल्यांना मला कधी नीट सांगता आलं नाही. पैसा उभा करायचा, माणसं जमवायची आणि बिघडलं की बोलणी खायची, एवढंच ते.

माझी पहिली फिल्म आपल्यावरच होती. धम्म स्वीकारलेल्या घरांनी चाळीस वर्षांत काय कमावलं, यावर. एका परदेशी चॅनेलनं ती घेतली. युनिट आलं तेव्हा तुम्ही आळी झाडून काढलीत, आमची जेवणं घरोघरी झाली. आबा अख्खी दुपार बोलले. आजोबांनी गावकीची कामं कशी सोडली, मग विहिरीवर काय झालं, स्वतःच्या पहिल्या पगारातून आजीला चपला घेतल्या तेव्हा ती त्या घालून कशी चालली. एकदाच थांबले, पाणी प्यायले, परत सुरू झाले.

पुढे चॅनेलच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "ही माणसं सोसलेली वाटत नाहीत," तो म्हणाला. मी खूप भांडले. पण शेवटची काटछाट त्यांच्या हातात, असं करारात होतं. निदान माझं नाव काढा म्हटलं, तेही ऐकलं नाही.

कॅसेट त्यांनी परस्पर आबांच्या पत्त्यावर धाडली. ते कळून मी धावतपळत पोचले तोवर विहारात टीव्ही लावून सगळी आळी बसली होती. मोरगावकडं जाताना टिपलेली, शेळ्या राखणारी एक अनवाणी बाई पुन्हा पुन्हा दिसत होती. आबा दिसले ते क्षणभर. त्यांचे ओठ हलत होते आणि वरून इंग्रजी आवाज सांगत होता, हा पिढ्यान्‌पिढ्या मुका राहिलेला समाज आहे. आबांना इंग्रजी कळायचं.

"म्या बोललो ते कुठं गेलं?"

"त्यांनी कापलं, आबा."

"मग खाली तुजं नाव कशापायी?"

तुम्ही एकेक करून उठलात. जाताना कुणी जयभीमसुद्धा घातला नाही.

त्या फिल्मला बक्षीस मिळालं. पुढची कामं मला तिच्यामुळेच मिळत गेली. मूळ टेपा मागितल्या, तर त्यांवर दुसरंच शूटिंग करून टाकलं होतं. आबा दोनेक वर्षांत गेले. त्यांचा आवाज आता कुठंच नाही.

अजून मी येते. मी दिसले की ओट्यावरचं बोलणं थांबतं. शेजारची काकू हसत विचारते, "क्यामेरा न्हाय ना आणला?" सगळे हसतात, पण नजर माझ्या पिशवीकडं जाते. आई फडताळातली पाहुण्यांची कपबशी काढते, स्वतः पेल्यातनं पिते. एकदा म्हटलं, मलाही पेलाच दे. ती म्हणाली, "राहू दे गं, तू कुठं रोज येतेस."

घर म्हणजे आता एवढंच. चहा प्यायचा, बशी विसळून जागेवर ठेवायची आणि परतीच्या गाडीची चौकशी करायची.