मालेच्या खाचरातला तन्मणी

प्रिय मुक्ता आणि ईशान,

पौड मागे पडले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेली भातखाचरे दिसू लागली. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला लेकीच्या मायेने सांभाळणाऱ्या पार्वतीच्या मुलीचे माले गावात डोहाळजेवण होते. म्हणून मी तुमच्या पणजीचा तन्मणी घातला होता. पुढून कुंदनात जडवलेले हिरे, मागून हिरवा-तांबडा मीना. मुक्ता, तुझ्या येत्या लग्नात तो तुला द्यायचा आहे.

इंद्रायणीचा मऊ भात आणि वालाची आमटी पोटभर जेवून मी भातलावणी पाहायला गेले. बांधावर पाय घसरला. पार्वतीने मला सावरले, पण तिच्या बांगडीत अडकून तन्मणीचा दोरा तुटला. मोती बांधावर सांडले आणि खोड (मधले पदक) चिखलात गडप झाले.

पार्वती रडू लागली. मी खाली उतरणार, तोच लावणी करणारी लक्ष्मी ओरडली, “आजी, तितंच थांबा! पाय दिलात तर खोल जाईल.”

बायकांनी हातातली रोपे बांधावर टाकली आणि वाकून एका ओळीत उभ्या राहिल्या. लावणी करताना त्या मागे सरकतात. पण आज तसे केले असते तर पदक पायाखालीच गेले असते.

“जल्मभर मागं सरकलो,” ओळीतल्या वयस्क ताराबाई म्हणाल्या, “आता चला गं पुढं!”

चिखल बोटांनी चाचपत ओळ हळूहळू पुढे आली.

“घावलं!” ओळीच्या टोकाच्या रखमाने मूठ वर केली.

ओढ्यावर पदक धुताना तिने ते उलटे केले. “अगं, मागं पोपट हाय! ह्यो कुणाला दिसायचा?”

“जी घालंल तिला,” ताराबाई म्हणाल्या.

मी विचारले, “तुम्हाला काय देऊ?”

“एकडाव घालू द्या,” लक्ष्मी म्हणाली.

पार्वतीने बांधावरचे मोती वेचून पदरात बांधले आणि पदक लाल दोऱ्यात ओवले. आधी लक्ष्मी, मग ताराबाई. रखमा तर काढेचना.

“सोड की आता! नवरीवानी काय बसलीस?” पार्वती म्हणाली.

“बसू दे गं. चिखलात हात मी घातला, तू न्हाई!”

पुण्याला पोचल्यावर तिथे काढलेले फोटो नीट पाहिले. कोपरापर्यंत चिखल, गळ्यात तन्मणी. सोबत पाठवते आहे. मुक्ता, तन्मणी कोणाकडून आला असे लग्नात कोणी विचारले, तर सांग : “पणजीकडून आजीकडे, मग मालेच्या लक्ष्मीच्या, ताराबाईंच्या आणि रखमाच्या गळ्यातून माझ्याकडे.”

तुमची आजी