गालावरची नदी

तेरमध्ये माझी दाढी करणाऱ्या काकांना सगळं गाव पुणेवाले म्हणतं. ते मात्र वस्तरा थांबवून प्रत्येकाला सांगतात, "पुणं न्हाय, चिंचवड. तीस वर्षं दुकान हुतं तिथं." मग गिऱ्हाइकाच्या गालावरच्या फेसातून वस्तऱ्यानं एक रेघ ओढतात. "ही नदी. अलीकडं आमचं चिंचवड, पल्याड पुणं. पुणं मोठं, पर लई फरक हाय."

परवा माझ्या गालावर नदी आली तेव्हा मी विचारलं, "काका, मग पुणं कसं हाय?"

त्यांनी वस्तरा टॉवेलला पुसला. "गावाकडं येता-जाता एसटीतनं दिसायचं. उतरलो न्हाय कधी."

मग फरक कशात, हे मला विचारायचं होतं. पण तोवर वस्तरा गळ्याशी आला होता.