पाच नंबरचे बूट

प्रशिक्षण केंद्रातल्या बूटदुरुस्तीच्या खोलीत बसणारे काका कुणालाच नावाने हाक मारत नसत. बुटाचा नंबर हेच नाव. "काय आठ रुंद, टाच पुन्हा उडवलीस?" असं ते सहा फुटी धटिंगणाला खुशाल विचारत. मी पाच नंबर. पहिल्या दिवशी माझे बूट हातात घेऊन म्हणाले, "एवढ्याशा पायांनी फौजेत काय करणार गं तू?" मी तशी तोंडाळच. म्हटलं, "निदान तुमच्यासारखी दिवसभर बसून तर राहणार नाही." काका खो खो हसले, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुरुस्तीला आलेल्या बुटाला ते लगेच हत्यार लावत नसत. जोडी आधी सपाट फरशीवर ठेवायची, मागून एक डोळा बारीक करून बघायची, मग उलटी करून तळ अंगठ्याने चाचपायचा. कोण पाय ओढतं, कोण कुठल्या पायावर भार टाकायचा टाळतं, ते सगळं त्यांना तिथे कळायचं. डॉक्टरीणबाईंना आम्ही थापा मारू शकत होतो, काकांना नाही.

थापा सगळेच मारत होते. दुखणं उघड झालं की मागच्या तुकडीत रवानगी, आणि सहा महिने सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझा मोठा भाऊ तर घरी टपूनच बसला होता. "हिला झेपायचं नाही," हे त्याचं पालुपद. त्यामुळे काही झालं तरी मला याच तुकडीबरोबर बाहेर पडायचं होतं. शेवटची परीक्षा म्हणजे पाठीवर ओझं घेऊन वीस किलोमीटरची चाल. तिला तीन आठवडे राहिले असताना माझी डावी नडगी ठणकायला लागली. जागा कशी, बोट ठेवून दाखवता येईल एवढीच. डॉक्टरीणबाईंना 'जरासं दुखतंय' एवढंच सांगून एक्स-रे काढला, त्यात काहीच निघालं नाही. मी खूश! त्यात अंग हलकं राहिलं तर पळणं सोपं जाईल, या हुशारीपायी मी अर्धपोटी राहत होते. चार महिने पाळी आली नव्हती. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. इतकी मूर्ख मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

चालीच्या आधी टाचा बदलायला मी बूट काकांकडे दिले. त्यांनी नेहमीसारखी जोडी फरशीवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले.

"डावा पाय दुखतोय तुझा."

"छे! ठणठणीत आहे मी. एक्स-रेसुद्धा काढलाय."

"सुरुवातीला त्यात दिसत नाही पोरी. पुन्हा जाऊन दाखव."

"काका, तुम्ही बूट शिवा. हाडांचं डॉक्टर बघतील."

हे बोलले मी. आजही आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. काकांनी बूट उचलून फळीवर ठेवले.

चालीच्या दिवशी सकाळी मी बूट घ्यायला गेले, तर काका मान वर न करता म्हणाले, "झाले नाहीत." मला वाटलं, चेष्टा करतायत. मग मी विनवलं, मग आरडाओरडा केला. ते ढिम्म. कवायतीचे नाल ठोकलेले बूट चालीला चालत नाहीत आणि कोरे बूट घालून तर जाऊच देत नाहीत. आमच्या प्रशिक्षकबाईंनी सगळ्यांसमोर काकांना फैलावर घेतलं, लेखी ताकीद हातात ठेवली. तुकडी निघून गेली आणि मी मैदानाच्या कडेला मुसमुसत बसले.

डॉक्टरीणबाई तिथून चालल्या होत्या. "रिकामी बसलीच आहेस, तर चल, ती नडगी पुन्हा बघू," म्हणाल्या. या वेळी एमआरआय केला. हाडाला तडा गेला होता, आणि तो चांगला आत शिरला होता. बाईंनी जवळ बसवून समजावलं, "हाड रोज थोडं झिजतं आणि रोज स्वतःला भरून काढतं. तू झीज वाढवलीस आणि भरायला पोटात काही ठेवलं नाहीस. पाळी थांबली तेव्हाच यायला हवं होतं माझ्याकडे." ओझं घेऊन वीस किलोमीटर गेले असते तर काय झालं असतं, असं मी विचारलं. "हाड मोडलंही असतं," त्या म्हणाल्या.

तरी माझा राग जाईना. तुकडी हातची गेली होती. आठवड्याने कुबड्या टेकत मी काकांकडे भांडायलाच गेले. ते जेवायला बसले होते. फळीवर माझे बूट होते, नव्या टाचांचे, चकचकीत. आत त्यांच्या अक्षरातली काम पुरं झाल्याची चिठ्ठी होती, तारीख चालीच्या दोन दिवस आधीची.

"काका, हे तर तयार होते!"

त्यांनी डबा बाजूला सारला. "होते."

"मग सांगायचं ना कुणाला तरी! डॉक्टरीणबाईंना सांगायचं, माझा पाय दुखतोय म्हणून."

"तसं एकदा एकाचं सांगितलं होतं. मग पोरं माझ्याकडे यायचीच बंद झाली. बूट आपापले खोलीत चिकटवायला लागली. मग मला काय दिसणार? त्यानंतर एक पोरगी आली. सहा नंबर. तुझ्यासारखीच बडबडी. तिचा बूट बघूनच मला कळलं होतं. म्हटलं, आपण कशाला तोंड उघडायचं. चालीत तिचं मांडीचं हाड मोडलं. अजून काठी घेऊन चालते." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुसतच राहिले. "तिचे बूट मी वेळेवर दिले होते."

एवढ्या दिवसांचा माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कुबड्या भिंतीला लावल्या, त्यांच्यासमोर खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले. काकांना काय करावं सुचेना. त्यांनी डब्यातलं उरलेलं जेवण माझ्यापुढे सरकवलं.

"खा आधी," ते म्हणाले. मी सगळं खाल्लं.