पाच घरच्या लोकरीची टोपी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा शाळेच्या ओसरीवर हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की सांगते, कारण ग्रामसेविकाबाईंच्या मनगटावर घड्याळ होतं आणि आम्ही आठही जणी सुईकडे बघायचं सोडून त्या घड्याळाकडेच बघत होतो! आमच्या क्रोशाच्या वर्गाचे किस्से इतके साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या पदराला धरून येतो. बाकीच्या अजून हसतात. मला तेव्हा हसू येत नव्हतं. माझी पहिली दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत थंडीतच गेली. तिसरा भिकू पाच महिन्यांचा होता, आणि दिवाळी होऊन गेली होती.

*

बाईंनी नमुन्याची टोपी दाखवली. तीन रंग, आणि अंगावर उठून आलेले टपोरे दाणे! एकाच घरात पाच खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, ते एकत्र ओढून घ्यायचे, की दाणा फुगतो. पुढच्या दाण्याला दुसरा रंग घ्यायचा.

गोदामावशींना काही पटेना. त्यांनी नखानं एक दाणा उकरून पाहिला.

"बाई, आतमंधी तूर भरली का मूग?"

"काही नाही भरलं मावशी. नुसती लोकर आहे."

"मंग याचं पोट कायनं फुगलं?"

बाईंचं लग्न व्हायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वर्ग सोडून दिला!

*

टोपीला लोकर विकत घ्यायची नाही, असा माझ्या सासूबाईंचा हुकूम. "ज्याचे लेकरं जगत नाहीत, त्यानं पोराले इकतचं घालू नये. पाच घरी पदर पसर." पोराचं नाव भिकू ठेवलं तेही त्यासाठीच.

मी पाच घरी पदर पसरला. वर्गातल्या शांतानं नवऱ्याचा लाल मफलर अर्धा उसवून दिला. नवरा वावरात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उरलेला अर्धा मफलर हातात घेऊन आमच्या दारात उभा!

"वहिनी, हा बी घेऊन टाका. थंडी काही अर्ध्याच गळ्याले लागत नाही!"

मी रडायलाच लागले. तो बिचारा मफलर ओट्यावर टाकून जो पळाला, तो महिनाभर आमच्या गल्लीतून गेला नाही.

*

मी घरी खांब मोजत बसायची. एक, दोन, तीन. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "लेकराचं काही मोजू नोको व!"

आता न मोजता पाच कसे घालायचे? मग मी लोकर देणाऱ्या पाच जणींची नावं घ्यायला लागले. गोदा, शांता, रुख्मा, चंद्रा, वेणू. झाला एक दाणा! हे जमलं. पण एक दिवस भर वर्गात रुख्मा म्हणाली, "तुह्यं पोट्टं वाळून राह्यलं व." त्या दिवसापासून मी तिचं नाव सोडलं.

पुढच्या वर्गाला बाईंनी टोपी हातात घेतली. "ही ओळ अशी बसकी का? इथे चारच खांब आहेत."

मला सांगावंच लागलं. रुख्मा कमरेला हात लावून उभी राहिली. "मले काहून गाळलं? म्या काय खोटं बोलली?"

खोटं नव्हतं. भिकूची मनगटं माझ्या अंगठ्याएवढी झाली होती. मी ती ओळ उसवली आणि रुख्माला परत आत घेतलं.

*

टोपी झाली, पण माझे सगळे दाणे आतल्या बाजूला गेले होते! तरी थंडी पडली म्हणून तशीच घातली. संध्याकाळी टोपी काढली, तर पोराच्या कपाळावर लाल लाल पुटकुळ्या.

"देवी आल्या व माय!" सासूबाईंनी हंबरडाच फोडला.

दाराला निंबाचा डगळा लागला. घरात फोडणी बंद. आमच्या उंबऱ्यात कोणी पाय ठेवीना. देवीत अंघोळ घालत नाहीत, तोंडही पुसत नाहीत. दोन दिवस मी पोराला मांडीवर घेऊन बसून होते.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेविकाबाई आल्या, सरळ आत आल्या. वाकून पाहिलं, रुमाल ओला केला आणि भिकूचं कपाळ पुसलं. पुटकुळ्या रुमालावर आल्या! शांताच्या नवऱ्याच्या मफलरचा रंग!

"अहो, देवी काय अशा रांगेनं बसतात? आणि टोपी नुसती उलटून घातली असती तरी दाणे बाहेर आले असते!"

पुढच्या वेळी हे ऐकून अख्खा वर्ग हसला. मी नाही हसले. त्या दोन दिवसांत मी भिकूला मनातल्या मनात दोनदा पोचवून आले होते.

*

थंडी सरली. चैत्रात आम्ही वर्गातल्या बाया आणि माझ्या सासूबाई बैलगाडीनं पोहरादेवीच्या यात्रेला गेलो. उन्हानं जीव जात होता, पण वर्ष भरल्याशिवाय टोपी उतरवायची नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. भिकू त्यांच्याच कडेवर होता. गर्दीतून बाहेर आलो, तर त्याचं डोकं उघडं!

गोदामावशींना टोपी दिसली. एक बाई गाड्यांच्या सावलीत बसली होती. मांडीवर काडीसारखं लेकरू, डोक्यावर आमची टोपी.

सासूबाई धावल्या. "काढ व थे! माह्या नातवाची हाय!"

बाई हलली नाही. "मागतली असती तं देल्ली नसती तुमी. माह्ये तीन गेले. हा चवथा."

सासूबाईंचा हात टोपीवर तसाच राहिला.

"अंग तापते का याचं?"

"तापते. रोज."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी टोपीची दोरी सोडली, आणि परत बांधली.

"सैल बांधून राह्यली तू. वाऱ्यानं उडंन. अशी बांधत जाय."

गाडीत मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आपल्या भिकूचं वर्ष कुठं भरलं अजून?"

त्यांनी पदर त्याच्या डोक्यावर ओढला. आमचं आसेगाव येईपर्यंत तो तसाच धरून बसल्या.

भिकूला परवापासून कणकण आहे. त्या बाईचं गाव आम्ही कोणीच विचारलं नाही. तुमच्या गावात, माहेरी, बाजारात कुठं दाण्यांच्या टोपीतलं लेकरू दिसलं, तर त्याच्या मायले सांगजा, टोपी परत नको. लेकरू कसं आहे, तेवढं आसेगावला कळव म्हणावं.