हीटरजवळची जागा

मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले. त्या रविवारी शेजारचं गॅरेज गप्प होतं.

इथे कॅनडात, वॉनमधले आमचे शेजारी सार्डिनियाचे. इटलीच्या त्या बेटावर चार पुरुष गोल करून, खांद्याला खांदा लावून गातात. एक जण कविता म्हणतो आणि तिघे नुसत्या अक्षरांनी त्याला साथ देतात. सर्वांत खालचा आवाज घशातून घुमवायचा. शेजारच्या गॅरेजमध्ये दर रविवारी असे चौघे गात. त्यांतला तो आवाज लावणारा माणूस मायदेशी परतला, तेव्हा म्हाताऱ्या शेजाऱ्याने कुंपणापाशी येऊन यांना विचारलं, त्याच्या जागी गाल का. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना हे गुणगुणत, ते त्याने ऐकलं होतं. त्या अक्षरांना अर्थच नसतो, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

"ते म्हणतात, एक आवाज मेंढीचा, एक वाऱ्याचा. मी बैल," यांनी घरी येऊन सांगितलं.

"लग्नाच्या वेळी हे कुणी बोललं नव्हतं," मी म्हटलं.

मुलगी म्हणायची, "बाबा, यू साउंड लाइक द स्नोब्लोअर."

यांना थंडी सोसत नसे, म्हणून गॅरेजमध्ये हे हीटरजवळ उभे राहत. अकरा वर्षं मी रविवारचं ते गाणं स्वयंपाकघरातून ऐकलं.

हे गेल्यावर दोन महिन्यांनी म्हातारा आमच्या दारात आला. टोपी काढून हातात धरलेली.

"एक माणूस मिळालाय, वेल्डर आहे. पण ती जागा तुमच्या घरची. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही गाणार नाही."

विचार करते, म्हटलं. तीन रविवार गेले. तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. आणि नाही म्हटलं, तर ते गाणं पुन्हा कधी कानावर पडलं नसतं.

चौथ्या रविवारी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले आणि हो म्हटलं.

वेल्डर हीटरजवळ उभा राहिला, एक हात कानावर. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज वरच राहिला. म्हातारा थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"इथे हे खाली उतरायचे," मी म्हटलं आणि गुणगुणून दाखवलं. आपण गातोय हे माझ्या नंतर लक्षात आलं.

चौघे माझ्याकडे बघत होते.

"पुन्हा," म्हातारा म्हणाला. "जरा सावकाश."

आता रविवारी दुपारी मी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसते. चौघे गातात. वेल्डरला ती जागा जमते. यांची लोकरीची टोपी तिथल्या खुंटीवर आहे.